फोमचं चिलखत : किट जोडताना आणि रंगवताना



गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या गॅदरिंगला तिसरीतला एक मुलगा यंत्रमानव होऊन स्टेजवर गेला. ड्रेस भाड्याने आणलेला होता. चंदेरी कडक खोकं, डोक्यावर बंद टोप, डोळ्यांपुढे बारीक जाळी. नाच छान झाला, टाळ्याही पडल्या. खाली उतरताना मात्र त्याला पायरी दिसली नाही. त्या खोक्यातून हात कोपरापासून पुढेच बाहेर येत होते, त्यामुळे पडताना टेकताही आले नाहीत. हनुवटीला दोन टाके पडले. ड्रेस आधी मीच तपासायला हवा होता. मी फक्त तो दिसतो कसा एवढंच पाहिलं होतं.

यंदा तो चौथीत आहे आणि यंदाही त्याला तेच व्हायचं होतं, फक्त यंत्रमानवाऐवजी अंतराळातला सैनिक. आई ऐकायलाच तयार नव्हती. वडिलांनी मात्र गुपचूप ऑनलाईन एक किट मागवलं आणि दिवाळीनंतर खोकं घेऊन दोघं नवरा-बायको शाळेत आले. आई म्हणाली, "मॅडम, तुम्ही जबाबदारी घेणार असाल तर करा. नाहीतर हे मी भंगारात देते." मी घेतली. हा लेख त्या जबाबदारीचा हिशोब आहे, आणि ज्यांच्या घरी असं खोकं आलंय किंवा येणार आहे त्यांना उपयोगी पडावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची शाळा चाकणच्या पट्ट्यात आहे. बहुतेक पालक एमआयडीसीत कामाला, निम्मे लातूर-नांदेडकडून आलेले, शिफ्टप्रमाणे उठणारे-झोपणारे. यंदा गॅदरिंगला चौथीचा विषय होता संग्रामदुर्ग. १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेने चाकणच्या या भुईकोटाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो पन्नासहून जास्त दिवस लढवला, हे आमच्या पोरांना शाळेच्या भिंतीइतकंच ओळखीचं. अर्धा वर्ग मावळे होणार होता. उरलेल्यांना मी म्हटलं, तुम्ही पुढच्या काळातले किल्लेदार व्हा. म्हणजे एकीकडे पुठ्ठ्यावर बेगड लावलेली जुन्या नाटकातली चिलखतं, आणि दुसरीकडे हे फोमचं.

खोक्यात काय असतं

अशी किटं साधारण दोन जातीची येतात आणि घेण्याआधी आपली कोणती ते बघायलाच हवं.

पहिली जात कडक प्लास्टिकची. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स' या सिनेमातल्या पांढऱ्या सैनिकांमुळे ही जगभर पसरली. ते कपडे व्हॅक्यूम फॉर्मिंगने बनवले होते. प्लास्टिकची पातळ शीट तापवून मऊ करायची, साच्यावर टाकायची आणि खालून हवा ओढून घ्यायची. शीट साच्याला चिकटून बसते आणि थंड झाली की तोच आकार धरते. हे समजावायला चाकणमध्ये सिनेमाची गरजच नाही. कारखान्यात सुटे भाग ज्या खाचाखाचांच्या ट्रेमधून येतात ते ट्रे याच पद्धतीने होतात, घरातल्या फ्रीजचं आतलं पांढरं अस्तरही. त्या सिनेमाच्या हेल्मेटवरून ब्रिटनमध्ये खटला चालला आणि जुलै २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे हेल्मेट म्हणजे शिल्प नव्हे, सिनेमा करताना वापरायची वस्तू आहे. (आमच्या कलाशिक्षकांना हा निकाल मुळीच पटलेला नाही!) या किटांमध्ये बहुधा एबीएस नावाचं प्लास्टिक असतं, दुचाकीच्या साईड पॅनलला वापरतात तेच. कडा कापाव्या लागतात, घासाव्या लागतात, तुकडा तडकला तर धार येते, आणि मापं मोठ्या माणसाची असतात. प्राथमिकच्या मुलासाठी ही जात घेऊ नका.

दुसरी जात फोमची. हे आपलं नेहमीचं थर्माकोल नव्हे. याला ईव्हीए फोम म्हणतात. लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवायच्या रंगीत चटया असतात ना, तोच पदार्थ. बुटांचे हलके तळही याचेच असतात. वाकतं, दबतं, परत येतं, आणि मूल पडलं तरी टोचत नाही. आमच्या खोक्यात हेच निघालं: ५ आणि १० मिलिमीटर जाडीचे, कापून नंबर टाकलेले करडे तुकडे, थोडं वेलक्रो, आणि चित्रांचा एक कागद. रंग नाही, गोंद नाही. "एवढे पैसे देऊन हे?" असं आईंनी विचारलंच.

मापं

पहिल्या रविवारी काहीही चिकटवलं नाही. फक्त मापं घेतली आणि तुकडे चिकटपट्टीने अंगावर लावून बघितले. हे टाळू नका. आमच्या किटवर वयोगट लिहिलेला होता, पण वय आणि माप यांचा संबंध आपल्या वर्गात बघितला तरी कळतो.

इथे आमच्याकडून एक चूक झाली आणि तीच सगळ्यात चांगला गणिताचा तास ठरली. किटमधला नडगीचा तुकडा फाटका निघाला, म्हणून तो आम्ही नवा कापायचा ठरवला. मुलांनी दोऱ्याने पोटरीचा घेर मोजला, २६ सेंटिमीटर. १० मिलिमीटर फोमची बरोबर २६ सेंटिमीटरची पट्टी कापली. गुंडाळली तर टोकं एकमेकांना भेटेनात. मुलं म्हणाली, मॅडम, मोजायला चुकलो. परत मोजलं, २६च.

मी बांगड्या काढल्या. एक पातळ काचेची, एक जाड लाखेची, दोन्हींचं आतलं माप एकच. दोरा बाहेरून गुंडाळला की जाड बांगडीला जास्त लागतो. फोमचं तसंच. वाकवला की बाहेरची बाजू ताणते, आतली आकसते, आणि पट्टीची मूळ लांबी जाडीच्या मधोमध कुठेतरी टिकते. म्हणून आतला घेर पट्टीच्या लांबीपेक्षा कमी भरतो. किती कमी? जाडी गुणिले ३.१४. म्हणजे १ सेंटिमीटर जाडीला ३ सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त, ५ मिलिमीटरला दीड. चौथीला पायची किंमत नसते, पण "जाडीच्या साधारण तिप्पट वाढवा" हे सगळ्यांना कळलं. त्यात आतली लेगिंग आणि हवा खेळायला अजून ३ सेंटिमीटर. पट्टी ३२ची झाली आणि बसली.

सपाट शीटचा गोल खांदा कसा होतो

खांद्याचा तुकडा किटमध्ये विचित्र दिसतो. पसरलेल्या हातासारखा, मध्ये व्ही आकाराच्या खाचा. पालकांना वाटलं तुटलेला आलाय. मी संत्र्याचं साल टेबलावर सपाट करायला लावलं. ते फाटल्याशिवाय सपाट होत नाही. मग उलटं बघा. सपाट वस्तूचा गोल करायचा तर कुठून तरी तेवढा भाग काढून टाकावा लागतो. नळी करायला काही काढावं लागत नाही, नुसती गुंडाळली की झाली. पण खांदा, गुडघा, डोकं हे चहूबाजूंनी वळतात. जगाचा सपाट नकाशा कधीच अगदी खरा नसतो त्याचं कारणही हेच, आणि आमच्या वर्गाच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड एवढं थोरलं का, हा प्रश्न तिथल्या तिथे आला.

मी हे सगळं सांगत असताना एक आई, ज्या घरी ब्लाऊज शिवतात, हसून म्हणाल्या, "अहो मॅडम, हे टक्स आहेत." बरोबर. टक्सच आहेत! फोमला दुमडून शिवता येत नाही म्हणून खाच कापून कडेला कड लावायची. त्यानंतर खांदे, गुडघे त्यांनीच बसवले आणि मी बाजूला झाले.

कोपऱ्याची घडी करायची असेल, उदाहरणार्थ छातीच्या मधली उभी धार, तर कड सरळ न कापता तिरकी कापावी लागते. किटमध्ये ती कापून येते. घरी कापणार असाल तर कटरचं पातं सारखं बदला. हा फोम मऊ दिसतो पण पात्याची धार फार लवकर घालवतो, आणि बोथट पातं जोर लावायला लावतं. हात कापतात ते तेव्हाच.

चिकटवणं

याला पांढरा फेविकॉल चालत नाही. चपला आणि सोफ्याचं काम करणारे जो पिवळसर, रबराचा गोंद वापरतात तो लागतो. हार्डवेअरच्या दुकानात फेविकॉल एसआर म्हणून मागितला तरी देतात. पद्धत अशी: दोन्ही कडांना पातळ थर लावायचा आणि थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं. बोट लावलं तर चिकट लागतं पण बोटाला येत नाही, तेव्हा दोन्ही कडा भेटवायच्या. ओला असताना जोडला तर पकडत नाही, आणि एकदा धरला की सोडत नाही, त्यामुळे सुरुवात दोन्ही टोकांकडून करून मधला भाग शेवटी दाबायचा. घाई करणाऱ्या मुलांना (आणि वडिलांना) ही दहा मिनिटं फार जड जातात.

आता गंभीर गोष्ट. या गोंदाची वाफ वाईट. पहिल्या दिवशी थंडी म्हणून मी वर्गाच्या खिडक्या लावल्या होत्या. अर्ध्या तासात माझंच डोकं दुखायला लागलं. सगळं आवरून व्हरांड्यात आलो. त्यानंतर गोंद फक्त मोठ्यांनी, फक्त उघड्यावर, मुलं पलीकडच्या पटांगणात. आणि डबा शाळेच्या कपाटात, कुलपात. पंक्चरचं सोल्युशन आणि असले गोंद हुंगणारी मोठी पोरं आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितली आहेत. चिलखताच्या नादात हा वास घराघरात ओळखीचा करायचा नाही, हे पालकांशी स्पष्ट बोलून घ्या. मी बोलले, कुणालाही वाईट वाटलं नाही.

हॉट ग्लू गन अनेकांकडे असते. छोट्या सजावटीला ठीक आहे. पण तो गोंद उष्णतेने मऊ होतो. उन्हात उभ्या गाडीत ड्रेस ठेवला की सांधे सुटतात.

जोडून झालं की फोमला गरम हवा द्यायची. त्यासाठी हीट गन लागते, जाड फोमला हेअर ड्रायर पुरत नाही. गरम हवेने दोन गोष्टी होतात. फोम मऊ पडून हाताने दिलेला बाक धरतो, आणि त्याच्या पृष्ठभागावरची बारीक छिद्रं मिटतात. छिद्रं मिटली की खरखरीत भाग किंचित चकाकतो, तिथे थांबायचं. जास्त दिली की फोम करपतो आणि घाण वास येतो. हे काम वडिलांनी केलं.

रंग

रंगाची पहिली फेरी मी एकटीने केली आणि ती पूर्ण वाया गेली. घरी चंदेरी ऑईल पेंट शिल्लक होता, खिडकीच्या ग्रीलचा. रात्री बसून हाताची एक पट्टी रंगवली. सकाळी आरशासारखी चमकत होती. मुलाने हातात घातली, कोपर वाकवलं, आणि कोंबडीच्या अंड्याच्या टरफलासारखे रंगाचे तुकडे खाली पडले. त्याचा चेहरा बघवेना.

मग त्याचे वडील फर्स्ट शिफ्ट करून दुपारी आले. ते एका कारखान्यात पेंट शॉपला आहेत. पट्टी हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, रंग सगळ्यात शेवटी असतो. आम्ही गाडी रंगवतो तेव्हा अर्धं काम नुसतं धुण्याचंच असतं." पुढचा तास त्यांनी घेतला. व्हरांड्यात, मुलांसमोर. असा पालक-तास मी ठरवूनही आखला नसता.

त्यांनी सांगितलं ते असं. गाडीची बॉडी आली की आधी तिच्यावरचं तेल धुतात. मग फॉस्फेटचा थर देतात, म्हणजे रंगाला धरायला जागा होते. मग अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. रंगाचे कण विजेने ओढले जाऊन कोपऱ्या-कोपऱ्यात बसतात, त्याला ईडी कोट म्हणतात. मग सांधे भरायचं सीलर, मग प्रायमर, मग बेस कोट म्हणजे आपल्याला दिसतो तो रंग, आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. मध्ये मध्ये भट्टीत भाजायचं. "तुम्ही डायरेक्ट बेस कोट मारला," असं म्हणून ते हसले.

मुलांनी प्रश्न काढले. बंपरला पण वीज लावतात का? नाही, तो प्लास्टिकचा, वीज वाहत नाही. शिवाय बंपरचं प्लास्टिक असं, की त्याला रंग सहज धरतच नाही. म्हणून त्यावरून ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात. जुन्या गाड्यांच्या बंपरचे पोपडे निघालेले दिसतात ते कुठे काय चुकल्यामुळे असेल, हे मुलांनी स्वतःच ओळखलं. त्या दिवसापासून शाळेसमोरच्या प्रत्येक गाडीचा बंपर तपासला जातो.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला फार आवडली. पेंट शॉपमध्ये जाताना सिलिकॉन असलेलं क्रीम, डिओ असलं काही लावून चालत नाही. त्याचा कणभर अंश पृष्ठभागावर पडला तरी रंग तिथून मागे सरकतो आणि खड्डा पडतो. आमच्या पोरांच्या केसांना रोज खोबरेल. त्या बोटांनी फोम हाताळला की तिथे रंग धरत नाही. एका मुलीने मुद्दाम तेलाचा अंगठा उमटवून त्यावर रंग लावला. ठसा जसाच्या तसा दिसला. मग सगळ्यांनी साबणाने हात धुतले. एरवी डब्याच्या वेळी यासाठी ओरडावं लागतं.

आता आमच्या फोमचं काय? गाडीचा पत्रा वाकत नाही, म्हणून तिथला रंग कडक असला तरी चालतो. आपला पदार्थ वाकतो, तर त्यावरचा प्रत्येक थरही वाकणारा हवा. बाहेरदेशी यासाठी रबरासारखं वाळणारं तयार कोटिंग वापरतात. इथे त्याची शोधाशोध करायची गरज नाही. गच्चीवर गळतीसाठी जो पांढरा, रबरासारखा वॉटरप्रूफ रंग मारतात तो ताणला तरी तडकत नाही. आम्ही तोच प्रायमर म्हणून वापरला. एका पालकांच्या घरी उरलेला होता. पाण्यात मिसळणारा, वास कमी, त्यामुळे मुलांना ब्रशने लावता आला. थोडं पाणी घालून तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. सांध्यांच्या फटीही त्यानेच बुजल्या. (लाकडात भरतात ती लांबी इथे भरू नका. ती कडक होते आणि पहिल्याच वाकण्यात सुटते.)

वरचा रंग ॲक्रिलिकचा, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा साधा इमल्शन. त्यात थोडा काळा मिसळून लोखंडी करडा. चंदेरी तेवढा स्प्रे कॅनने मारला आणि तो वडिलांनी, मुलं लांब उभी करून, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून. तोंडाला साधं फडकं पुरत नाही, त्याने थेंब अडतात पण थिनरची वाफ अडत नाही. त्यांनी वाफ अडवणारा काडतुसाचा मास्क लावला होता. स्प्रे करताना हात तुकड्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, मधेच थांबलं की ओघळ येतो. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ द्यायचे. आधी फोमच्या कापलेल्या तुकड्यावर मारून बघायचं. आणि थर्माकोलवर हा स्प्रे कधीच नाही. शाळेच्या अडगळीत जुन्या मखराचा एक तुकडा होता, २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी येण्याआधीचा. त्यावर त्यांनी एक फवारा मारून दाखवला. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडला. टाचण्या टाकल्यासारखी शांतता!

डिसेंबरात हवा कोरडी असते, रंग लवकर वाळतो. पण नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ ओल्या रंगावर बसते. त्यावर उपाय त्यांच्याकडेही होता आणि माझ्या आजीकडेही: आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं. गॅरेजवाले धूळ बसावी म्हणून करतात, आपण सडा म्हणतो.

शेवटी चिलखत जुनं, लढून आलेलं दिसायला हवं असं मुलांचं म्हणणं. हे काम पूर्ण त्यांच्याकडे दिलं. पाण्यात काळा-तपकिरी रंग पातळ कालवून सगळीकडे फासायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा. खाचांमध्ये राहतो, वर निघून जातो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर थोडा चंदेरी घेऊन फक्त कडांवरून फिरवायचा, म्हणजे रंग घासून धातू दिसायला लागल्यासारखा वाटतो. कुठली कड जास्त घासली जाईल यावर वाद झाला. एक जण म्हणाला, उजवं मनगट, कारण तलवार तिकडे. दुसरी म्हणाली, अंतराळात तलवार कुठे असते? मग ती डावखुरी आहे म्हणून डावं ठरलं. मला तर्क कळला नाही, पण मी मध्ये पडले नाही.

टोप

आता ज्यासाठी आईंनी मला जबाबदार धरलं होतं तो भाग. किटमध्ये पूर्ण बंद हेल्मेट होतं, डोळ्यांपुढे काळी शीट. घालून बघितलं. समोरचं दिसतं, पायाजवळचं काहीच दिसत नाही. १९७७च्या त्या सिनेमात एक पांढरा सैनिक दरवाजातून आत येताना डोकं आपटतो, आणि ते दृश्य तसंच सिनेमात राहिलं आहे. मोठ्या माणसाची ही गत, तर आपल्या नऊ वर्षांच्या पोराला स्टेजच्या पायऱ्या कशा दिसणार?

मुलं म्हणाली, पण अंतराळवीर तर बंद हेल्मेट घालतात. १९८४च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तो फोटो आमच्या वर्गात आहे. मग सांगितलं, की खऱ्या पोशाखात आत हवा सोडलेली असते, आणि यानाबाहेर चालायच्या पोशाखात तर अंग थंड ठेवायला पाण्याच्या नळ्याही फिरवलेल्या असतात. आपल्या फोममध्ये दोन्ही नाही. उलट हा फोम हवा आणि घाम दोन्ही अडवतो. म्हणून आम्ही हेल्मेटचा पुढचा भाग कापून टाकला. कपाळापासून वर टोप, गालांना दोन पट्ट्या, चेहरा मोकळा. तो जरा नाराज झाला. चेहऱ्यावर चंदेरी रेघ काढून देईन म्हटल्यावर तयार झाला.

बाकीची तपासणी आम्ही अशी केली. सगळं अंगावर चढवून त्याने खाली मांडी घालून बसायचं, उठायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, बाटलीतून पाणी प्यायचं, बुटाची नाडी बांधायची, चार पायऱ्या चढून उतरायच्या. जे अडलं तिथला फोम कापला. मांडीच्या तुकड्यांना मागून आठ सेंटिमीटरची फट ठेवावी लागली, दिसायला वाईट दिसते, असू दे. मग शेवटची अट: मी दहा आकडे मोजेपर्यंत त्याने एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय, छाती-पाठीचा भाग काढायचा. पहिल्यांदा तेवीस आकडे लागले. खांद्याची बटणं काढून वेलक्रो लावलं, बगलेत दप्तराच्या क्लिपा लावल्या. मग आठात झालं. गळ्याभोवती एकही पट्टा नाही.

छातीवर दिवा लावायचा हट्ट होता. लावा, पण त्या चपट्या बटणासारख्या सेलचा नको. लहान भावंडाने गिळला तर जीवावर बेततं. पेन्सिल सेलचा डबा आणि त्याला स्क्रूचं झाकण.

गॅदरिंगच्या दिवशी आई पहिल्या रांगेत नव्हती, स्टेजच्या पायरीपाशी उभी होती. तिच्या शेजारी मी. मावळे आधी आले, त्यांची बेगड दिव्यांत मस्त चमकत होती, दोघांच्या पुठ्ठ्याच्या ढाली मध्येच फाटल्या. मग हे पुढच्या काळातले. नाच सहा मिनिटांचा. संपल्यावर तो पायरीशी आला, थांबला, खाली बघितलं, उतरला. घामाने चिंब होता. टोप आईच्या हातात दिला आणि पाणी मागितलं.

चिलखत आता शाळेच्या माळ्यावर आहे. घडी केलेली नाही, कारण हा फोम दाबून ठेवला की दाबलेलाच आकार धरतो. आत जुने कागद कोंबून उभं ठेवलंय, उन्हापासून लांब. प्रत्येक तुकड्याच्या आतून नंबर पुन्हा ठळक लिहिलाय, आणि कुठे किती सेंटिमीटर वाढवले तेही. पुढच्या वर्षी त्याची धाकटी बहीण दुसरीत असेल. तिच्या पोटरीचं माप आत्ताच घेऊन ठेवलंय, २२ सेंटिमीटर, पण डिसेंबरपर्यंत परत घ्यावं लागेल.